एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं: विंडोजच्या शेजारी लिनक्स कसं मांडायचं

विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेले, अजून नीट चालणारे कितीतरी डेस्कटॉप अचानक 'जुने' ठरले आहेत. दुसरीकडे, घरात संगणक एकच. बाबांचं टॅली त्यावर, आईच्या मंडळाची श्री-लिपीत टाइप केलेली पत्रकं त्यावर, आणि इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीला लिनक्सही त्यावरच हवं. अशा घरांसाठी ड्युअल बूट सोयीचं आहे. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात राहतात, आणि यंत्र सुरू करताना कुठली हवी ते निवडता येतं.

पहिल्यांदा करणाऱ्यांचं लक्ष लिनक्स बसवण्यावर असतं. ते काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आधीच्या तयारीत, विंडोजच्या बाजूने. म्हणून या लेखातला मोठा भाग तयारीचा आहे. ती घाईत उरकू नका.

उदाहरणासाठी लिनक्स मिंटची २२ ची मालिका आणि तिची सिनॅमन आवृत्ती घेतली आहे. ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, आणि विंडोजची सवय असलेल्याला तिचा मेनू परका वाटत नाही. उबुंटूच घ्यायचं असेल तरी तयारी अगदी हीच. इन्स्टॉलरचे पडदे तेवढे वेगळे दिसतील.

आधी गरज तपासा

कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं टर्मिनल आणि सी कंपायलर हवा असेल, तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं. रॅम १६ जीबी असेल आणि लिनक्स नुसतं बघायचं असेल, तर व्हर्च्युअल बॉक्समध्ये बघा, डिस्कला हात लावू नका. ड्युअल बूट त्यांच्यासाठी, ज्यांना लिनक्स रोज, पूर्ण वेगाने हवं आहे आणि तरी विंडोज सोडता येत नाही. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकना हा लेख लागू नाही. त्यांची सगळी रचनाच निराळी आहे.

रॅम ४ जीबी असेल तर सिनॅमनऐवजी मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबी असेल तर काहीच अडचण नाही.

दोन डिस्क की एक?

डेस्कटॉप असेल, किंवा लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसायला जागा असेल, तर आमचा सल्ला एकच: लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या. विंडोजची डिस्क छोटी करण्याचा धोकाच उरत नाही, आणि पुढे लिनक्स नको झालं तर ती डिस्क काढून बाजूला ठेवता येते. २४० किंवा २५६ जीबीची डिस्क भरपूर झाली.

दुकानात जाण्याआधी आपल्या बोर्डावर काय बसतं ते पाहून ठेवा. अडीच इंची साटा एसएसडी जवळपास सगळ्या डेस्कटॉपमध्ये चालते, पण तिला साटाची डेटा केबल लागते आणि ती डिस्कसोबत बहुधा येत नाही. वेगळी मागून घ्या. एसएमपीएसमधून साटाचा पॉवर कनेक्टर मोकळा आहे का तेही झाकण उघडून बघा. एम.२ ची खाच असेल तर ती साटा मानते की एनव्हीएमई, हे बोर्डाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. दोन्ही डिस्क दिसायला सारख्याच असतात. आकार जुळला म्हणून चालेलच असं नाही.

दोन डिस्क असतील तर लिनक्स बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. याला कारण आहे. मिंटचा इन्स्टॉलर काही वेळा तुम्ही दुसरी डिस्क निवडलीत तरी आपलं बूटलोडर (यंत्र चालू होताना प्रणाली उठवणारा छोटा प्रोग्रॅम) पहिल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवण्याच्या छोट्या भागात) टाकतो. मग दोन डिस्क असूनही दोन्ही प्रणाली एकमेकींत गुंतलेल्याच राहतात. केबल काढली की हा प्रश्नच येत नाही. काम झाल्यावर पुन्हा जोडा.

डिस्क एकच असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

तयारी: विंडोजच्या बाजूने

बॅकअप आधी. फोटो, टॅलीचा डेटा, प्रोजेक्ट, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डी ड्राइव्हवर ठेवलेली नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. डी ड्राइव्हही त्याच डिस्कवर असतो. कॉपी झाल्यावर दोन-चार फायली बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉलरच्या यादीत ती दिसताच कामा नये.

मग यंत्र कुठल्या पद्धतीने सुरू होतं ते पाहा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, एमएसइन्फो३२ असं रोमन अक्षरांत लिहून एंटर करा. 'बायॉस मोड' या ओळीसमोर यूईएफआय (नवी पद्धत) किंवा लेगसी (जुनी) लिहिलेलं असेल. हे कागदावर टिपून ठेवा. विंडोज ज्या पद्धतीने बसलं आहे त्याच पद्धतीने लिनक्स बसवायचं. एक लेगसी आणि दुसरं यूईएफआय झालं, तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरच्या, मेनूतून दोन्ही सुरू करता येत नाहीत आणि दर वेळी बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन बदल करावा लागतो.

आता एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करून ठेवणं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की विंडोज ११ बहुधा स्वतःहूनच डिस्क एन्क्रिप्ट करतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. होम आवृत्तीत सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये 'बिटलॉकर'. चालू असेल तर आधी रिकव्हरी की मिळवा. ती ४८ आकड्यांची असते आणि बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. फोनवरून खातं उघडून ती कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत ठेवून उपयोग नाही, कारण गरज पडेल तेव्हा तो लॅपटॉपच बंद असेल.

की हातात आल्यावर एन्क्रिप्शन बंद करा. डिस्कवर किती डेटा आहे त्यानुसार अर्धा तास ते काही तास लागतात. पूर्ण होईपर्यंत थांबा. मिंटच्या इन्स्टॉलरला एन्क्रिप्ट केलेलं विंडोज वाचता येत नाही, आणि मग 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्याय तो दाखवतच नाही. एन्क्रिप्शन बंद असताना लॅपटॉप लोकलमध्ये हरवला तर त्यातला डेटा कुणालाही वाचता येतो, हेही ध्यानात घ्या. ज्यांच्या लॅपटॉपवर पक्षकारांची किंवा रुग्णांची कागदपत्रं असतात, त्यांनी एका डिस्कवर ड्युअल बूट करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांनी वेगळी डिस्क घ्यावी.

पुढे फास्ट स्टार्टअप. विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं तरी यंत्र पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ते झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. पण त्यामुळे सी आणि डी ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात. अशा ड्राइव्हवर लिनक्सने काही लिहिलं आणि मग विंडोज आपल्या जुन्या आठवणीनिशी जागं झालं, तर फायली खराब होतात. म्हणून लिनक्स असा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं, नाहीतर उघडतच नाही. 'लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

बंद करण्यासाठी कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही निळी ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून सेव्ह. विंडोजच्या मोठ्या वार्षिक अपडेटनंतर ही खूण कधी कधी परत येते. तेव्हा पुन्हा तपासा.

जागा मोकळी करणं

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. आधी नुसतं निरखून बघा. सुरुवातीला १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन दिसेल, मग मोठा सी, आणि शेवटी किंवा सीच्या मागे रिकव्हरी. ईएफआय पार्टिशन म्हणजे चाळीचा सामाईक जिना: दोन्ही बिऱ्हाडं त्याच जिन्याने वर जातात. ते कधीही पुसायचं नाही आणि फॉरमॅट करायचं नाही.

सी वर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. किती जागा काढायची ते एमबीमध्ये लिहायचं असतं: ६० जीबीसाठी ६१४४०, १०० जीबीसाठी १०२४००. २५६ जीबीची डिस्क असेल (विंडोज ती २३८ दाखवतं) तर लिनक्सला ६० पुरे. ५१२ ची असेल तर १०० द्या. विंडोजकडे निदान ४० जीबी मोकळी राहायलाच हवी, कारण त्याच्या मोठ्या अपडेटना तेवढी ऐसपैस जागा लागते.

सीमध्ये १२० जीबी रिकामी असूनही विंडोज फक्त १०-१५ जीबी काढू देतं, हा अनुभव पुष्कळांना येतो. कारण पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी ड्राइव्हच्या मधोमध बसलेल्या असतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. उपाय असा: सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मेमरी 'नो पेजिंग फाइल' करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या आज्ञेपुढे जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि एच, पुन्हा जागा सोडून ऑफ, असं रोमनमध्ये लिहा. मग रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. जागा मिळाली की पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन आठवणीने पूर्ववत करा. हायबरनेशन बंदच राहू द्या. फास्ट स्टार्टअपही त्यासोबत जातं.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' अशी दिसेल. ती तशीच सोडा. तिच्यावर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून नवा ड्राइव्ह बनवू नका. नवखे हे हमखास करतात, आणि मग इन्स्टॉलरला मोकळी जागा सापडत नाही.

जुन्या, लेगसी पद्धतीच्या डेस्कटॉपवर आणखी एक फट आहे. त्या डिस्कवर फक्त चार प्रायमरी पार्टिशन मावतात. चार भरलेली असताना पाचवं करायला गेलात, तर विंडोज 'डिस्क डायनॅमिक करू का' असं विचारतं. हो म्हणू नका. डायनॅमिक डिस्कवर मिंटचा इन्स्टॉलर काम करत नाही. अशा यंत्रांत डी आणि ई बहुधा एका हिरव्या चौकटीत, म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये असतात. तिथे डी किंवा ई रिकामा करून श्रिंक करा. मोकळी जागा काळ्याऐवजी हिरव्या रंगात 'फ्री स्पेस' म्हणून दिसेल, आणि लिनक्सला तीही चालते.

श्रिंक झाल्यावर विंडोज दोनदा रीस्टार्ट करून नीट उघडतंय याची खात्री करा. काही बिघडलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पावसाळ्यात हे काम करत असाल तर विजेचाही विचार करा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावलेला ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. पार्टिशन लहान होत असताना वीज गेली तर आत्ता घेतलेल्या बॅकअपशिवाय दुसरा आधार उरत नाही.

पेन ड्राइव्ह

८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटची आयएसओ फाइल ३ जीबीच्या आसपास असते. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दमात उतरत नाही आणि अर्धवट फाइल पुढे फसवते. घरच्या फायबरवर १०० एमबीपीएस असेल तर पाचेक मिनिटांचं काम आहे. नेहमी सगळ्यात ताजी आवृत्ती घ्या. मित्राकडची दोन वर्षांपूर्वीची फाइल नको. तिच्यातलं जुनं बूटलोडर आजचं सिक्युअर बूट (सही केलेलंच बूटलोडर चालू देणारी तपासणी) नाकारू शकतं.

विंडोजमध्ये रुफस हा बूट होणारा पेन ड्राइव्ह तयार करणारा प्रोग्रॅम उघडा आणि आयएसओ निवडा. निवडण्याच्या बटणाशेजारी बरोबरची छोटी खूण आहे. ती दाबली की फाइलची एसएचए२५६ बेरीज निघते. ६४ अक्षरांची ही ओळ मिंटच्या डाउनलोड पानावरच्या ओळीशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा. पार्टिशन स्कीम यूईएफआय यंत्रासाठी जीपीटी, लेगसीसाठी एमबीआर. 'स्टार्ट' दाबल्यावर आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं जाईल. आयएसओ मोड निवडा. त्याने सुरू झालं नाही तरच डीडी.

पेन ड्राइव्हवरून सुरुवात

यंत्र बंद करून चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ भराभर दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ असते, पण ती आधी बायॉसमध्ये एफ२ ने जाऊन चालू करावी लागते. कळ वेळेत लागत नसेल तर विंडोजमधूनच सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप' असं जा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला, तर मघाशी कागदावर काय टिपलं ते आठवा. विंडोज यूईएफआय असेल तर ज्या नावापुढे यूईएफआय लिहिलंय तेच निवडा.

सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. मिंट आणि उबुंटू दोन्हींकडे त्यासाठी सही केलेलं बूटलोडर आहे. पडदा काळाच राहिला, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या यंत्रावर, तर पुन्हा सुरू करून मेनूतला 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या.

काही मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप पेन ड्राइव्हवरूनच उघडेल. अजून डिस्कवर काही लिहिलेलं नाही. इथे पंधरा मिनिटं द्या: वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, ब्लूटूथ, पडद्याचा उजेड, सगळं तपासा. बोटाचा ठसा वाचणारं यंत्र पुष्कळ लॅपटॉपवर लिनक्समध्ये चालत नाही. त्यावर अवलंबून राहू नका. वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. इंटरनेट लगेच मिळतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नंतर त्यातूनच उतरवता येतो.

डेस्कटॉपवरून जीपार्टेड (डिस्कवरचे भाग दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून आतली डिस्क दिसते का ते बघा. दिसत नसेल तर बायॉसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' वर लावलेलं असण्याची शक्यता मोठी. ते 'एएचसीआय' करावं लागेल, पण थेट बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून अडेल. क्रम असा ठेवा: आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून 'बूट' मध्ये 'सेफ बूट' ला खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर उचलेल, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड माहीत असू द्या.

बसवणं

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' वर दोनदा क्लिक करा. भाषा मराठीही निवडता येते, मात्र पहिल्या खेपेला इंग्रजी ठेवलंत तर अडचणींची उत्तरं शोधणं सोपं जातं. मल्टिमीडिया कोडेकना खूण करा. तिथे सिक्युअर बूटसाठी पासवर्ड मागितला, तर आठ अक्षरांचा साधा ठेवा आणि लिहून ठेवा. तो पुढच्या रीस्टार्टला एकदाच लागेल.

नंतरचा पडदा महत्त्वाचा. 'विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी बसवा' असा पर्याय दिसला तर तो घेता येतो. आम्हाला मात्र 'समथिंग एल्स' जास्त भरवशाचं वाटतं, कारण नेमकं काय कुठे जातंय ते डोळ्यांसमोर असतं. 'इरेज डिस्क' ला चुकूनही हात लावू नका. त्याने विंडोजसह सगळं जातं.

'समथिंग एल्स' मध्ये मोकळी जागा 'फ्री स्पेस' म्हणून दिसेल आणि तिचा आकडा तुम्ही श्रिंक केलेल्या आकड्याच्या जवळपास असेल. ती निवडा, अधिकचं चिन्ह दाबा, आकार पूर्ण ठेवा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणजे नुसती एक तिरपी रेघ (/). बस्स. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन लागत नाही. इन्स्टॉलर स्वतःच स्वॅप फाइल बनवतो. होमसाठी वेगळं पार्टिशन करा असं जुन्या लेखांत सापडेल, पण ६० जीबीत ते केलं की दोनातला एक भाग हमखास आधी भरतो. नवख्यांनी करू नये.

ईएफआय पार्टिशनच्या ओळीवर 'फॉरमॅट' ची खूण नाही याची खात्री करा. खाली 'बूटलोडर कुठे' असं विचारलं असेल. तिथे आतली डिस्क हवी, पेन ड्राइव्ह नको. नाव आकारावरून ओळखा: ८ जीबीची दिसते ती पेन ड्राइव्ह.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर काय बदलणार त्याची यादी समोर येते. ती सावकाश वाचा. फॉरमॅट होणाऱ्यांत फक्त तुम्ही बनवलेलं ईएक्सटी४ पार्टिशन असायला हवं. वेगळं काही दिसलं तर मागे फिरा. या पडद्यावर होकार देईपर्यंत तुम्ही हाताने मांडलेलं काहीच डिस्कवर उतरत नाही.

पुढे जगाचा नकाशा येतो. त्यावर मुंबई शोधू नका; सगळ्या भारतासाठी 'कोलकाता' हाच पर्याय आहे. नाव, पासवर्ड दिलात की उरलेलं काम इन्स्टॉलर करतो. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटं.

पहिला रीस्टार्ट

सिक्युअर बूटचा पासवर्ड ठेवला असेल तर निळा पडदा येईल. तो काही सेकंदच थांबतो, म्हणून खुर्चीवरून उठू नका. 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', मग तो आठ अक्षरांचा पासवर्ड, आणि रीबूट. हा पडदा हुकला तर एनव्हिडियाचे किंवा काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर बसूनही चालू होत नाहीत, आणि कारण लक्षात येत नाही.

त्यानंतर ग्रबचा मेनू: वर मिंट, खाली विंडोज बूट मॅनेजर. दोन्ही एकेकदा उघडून बघा.

मेनू न येता थेट विंडोज उघडलं, तर लिनक्स गेलेलं नाही. बायॉसमध्ये बूटचा क्रम पाहा. तिथे 'उबुंटू' नावाची नोंद असेल (मिंटही हेच नाव वापरतं). ती वर आणा. उलट, मेनूत विंडोजच नसेल, तर लिनक्समध्ये ग्रबच्या सेटिंग्जच्या फाइलीत ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधणारं साधन) बंद करणारी ओळ आहे का ते पाहून ती 'फॉल्स' करा आणि टर्मिनलमध्ये सुडो, मग अपडेट-ग्रब असं चालवा.

घरात ज्यांना फक्त विंडोज लागतं त्यांना मेनू पाहून बावरायला होतं. त्यावर सोपा तोडगा आहे. बायॉसमध्ये विंडोज बूट मॅनेजरच पहिला ठेवा, आणि लिनक्स हवं असणाऱ्याने यंत्र सुरू होताना एफ१२ किंवा एफ९ ने 'उबुंटू' निवडावं. बाबांना काही बदललंय हे कळणारही नाही.

दोन बिऱ्हाडांचे वाद

घड्याळाचा वाद बऱ्याच यंत्रांवर होतो. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपला फरक साडेपाच तासांचा, म्हणून नेमका तेवढाच घोटाळा. चुकलेल्या वेळेमुळे काही संकेतस्थळं सुरक्षेचा इशारा देऊन उघडतही नाहीत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, जागा सोडून एक हा आकडा, असं रोमनमध्ये लिहा. मग विंडोजमध्ये 'सिंक नाऊ' एकदा करा.

सामाईक फायलींसाठी डी ड्राइव्ह एनटीएफएसच ठेवा. लिनक्स तो वाचतं आणि लिहितंही. 'ड्राइव्ह खराब आहे' असं लिनक्स म्हणालं तर दुरुस्ती लिनक्समधून करू नका. विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून 'चेक' चालवा. सी ड्राइव्हमध्ये लिनक्समधून काही लिहायचं नाही, हा नियम घालून घ्या.

मराठी टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउट म्हणून मराठी जोडा. इन्स्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसारी कगपही. इन्स्क्रिप्टच्या कळा विंडोजसारख्याच आहेत. श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पत्रकं मात्र लिबर ऑफिसमध्ये अगम्य चिन्हांसारखी दिसतील. फाइल खराब झालेली नसते, फक्त फाँट नसतो. ती विंडोजमध्येच उघडा. लिनक्सची ओळख मराठीतून करून घ्यायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मोफत धडे आहेत.

विंडोजचं अपडेटही कधी कुरापत काढतं. ऑगस्ट २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. 'शिम एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द असलेला संदेश येऊन यंत्र बंद पडे. असं दिसलं तर बायॉसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स उघडून सगळे अपडेट घ्या, मग परत चालू करा. विंडोज नव्याने बसवलं आणि ग्रब नाहीसं झालं, तर तोच मिंटचा पेन ड्राइव्ह लावा. त्याच्या मेनूत 'बूट रिपेअर' आहे. म्हणून तो पेन ड्राइव्ह गाणी भरायला वापरू नका.

लिनक्स काढायचं झालं तर

आधी बायॉसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा आणि विंडोज थेट उघडतंय हे पाहा. लेगसी यंत्रावर त्याऐवजी विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटरेक आणि फिक्सएमबीआर चालवावं लागतं. हे न करता लिनक्सचं पार्टिशन पुसलंत तर पडद्यावर फक्त 'ग्रब रेस्क्यू' उरतं.

मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचं पार्टिशन ओळखा. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं आणि आकार तुम्ही दिलेलाच असतो. ते डिलीट करा. ईएफआय आणि रिकव्हरीला हात नाही. शेवटी सी वर उजवी क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'. हा पर्याय फिका दिसत असेल तर सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये दुसरं पार्टिशन आलेलं आहे. अशा वेळी त्या जागेवर नवा ड्राइव्ह बनवून वापरा. रिकव्हरी हलवण्याच्या खटाटोपात पडू नका.